पुनरुक्तीचा दोष आणि परतणारा कॅमेरा

१

महानगराचे छायाचित्रण करणारा कलावंत त्याच शहराकडे, त्या शहरातील त्याच गल्लीकडे, कित्येकदा त्याच दाराकडे पुनःपुन्हा का परततो, या प्रश्नाला मराठीत सामान्यतः दोन उत्तरे मिळतात. पहिले उत्तर भावुक आहे. त्याचे त्या शहरावर प्रेम असते, शहर डोळ्यांदेखत पालटत असते, आणि जे नाहीसे होणार ते जपून ठेवावे या ओढीने तो परततो, असे हे उत्तर सांगते. दुसरे उत्तर तुच्छतादर्शक आहे. कॅमेरा हे यंत्र आहे, यंत्राला आवृत्तीचे वावडे नसते, तेव्हा छायाचित्रकाराच्या परतण्यात कलादृष्ट्या विचारात घेण्याजोगे काही नाही, असे त्याचे म्हणणे. ही दोन उत्तरे परस्परविरोधी भासतात. प्रत्यक्षात ती एकाच गृहीतकावर उभी आहेत. छायाचित्र म्हणजे दृश्याची एकदाच आणि पुरती घेतलेली नक्कल, हे ते गृहीतक. एकाला ती नक्कल मौल्यवान वाटते, दुसऱ्याला क्षुद्र. नक्कल पुरती असते याबद्दल मात्र दोघांचेही एकमत आहे.

हा वाद साहित्यसमीक्षेच्या अंगणात का आणावा, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचे उत्तर असे की तो मराठी समीक्षेनेच आपल्या अंगणात कधीचा आणून ठेवला आहे. वास्तववादी कथा-कादंबरीचे अवमूल्यन करताना ‘हे केवळ छायाचित्रण आहे’ हा शेरा मराठीत इतक्या सहजपणे मारला जातो, की त्यामागे काही सिद्धान्त आहे याचेच विस्मरण झाले आहे. चाळ, फूटपाथ, नाका, गिरणीचे फाटक यांविषयीच्या लेखनावर हा शिक्का बसला की चर्चा संपते. लेखकाने निवड केली नाही, रचना केली नाही, जे दिसले ते उचलले, एवढा सगळा आरोप त्या एका शब्दात भरलेला असतो. एखादी समीक्षा दुसऱ्या कलेचे नाव शिवीसारखे वापरते, तेव्हा ती कला प्रत्यक्षात काय करते हे तपासण्याची जबाबदारीही तिच्यावर येते. ही जबाबदारी मराठी समीक्षेने टाळली आहे. परतणाऱ्या छायाचित्रकाराचे उदाहरण या संदर्भात निर्णायक ठरते. कारण छायाचित्र ही खरोखर पुरती नक्कल असती, तर परतण्याचे कारणच उरले नसते.

२

या प्रश्नाची कसोटी पाहायची तर यूजेन आत्जे या छायाचित्रकाराइतके योग्य उदाहरण दुसरे नाही. १८५७ मध्ये जन्मलेला हा मनुष्य लहानपणीच पोरका झाला, काही काळ जहाजावर होता, नंतर फिरत्या नाटकमंडळीत नट होता, आणि दोन्हीकडे जम न बसल्याने तिशी ओलांडल्यावर छायाचित्रणाच्या व्यवसायात आला. चित्रकार, नेपथ्यकार, कारागीर यांना संदर्भासाठी लागणारी चित्रे विकणे हा त्याचा धंदा. स्वतःच्या कामाला तो ‘दस्तऐवज’ म्हणे. १८९७-९८ च्या सुमारास तो जुन्या पॅरिसकडे वळला आणि १९२७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे तीस वर्षे, त्या शहरापासून फारसा हलला नाही. लाकडी भात्याचा कॅमेरा, तिवई आणि १८ × २४ सेंटिमीटरच्या काचा एवढे ओझे घेऊन तो पहाटे बाहेर पडे. हलक्या, हातात मावणाऱ्या कॅमेऱ्यांचे युग सुरू झाले तरी त्याने आपले साधन बदलले नाही.

बॅरन ओसमानने १८५३ ते १८७० या काळात पॅरिसची जी चिरफाड केली, ती आत्जेने कॅमेरा हाती घेतला तेव्हा केव्हाच उरकली होती. शिल्लक राहिलेल्या अंगणांची, जिन्यांची, दारांवरील लोखंडी ठोकण्यांची, दुकानांच्या पाट्यांची चित्रे तो राष्ट्रीय ग्रंथालय आणि कार्नाव्हाले संग्रहालय यांसारख्या संस्थांना विकत असे. १९१० च्या सुमारास त्याने पॅरिसमधील घरांचे अंतर्भाग, शहरातील वाहने, दुकाने व त्यांच्या मांडण्या, तटबंदी, तटाबाहेरच्या पट्ट्यात झोपड्या टाकून राहणारे चिंध्या वेचणारे लोक अशा विषयांचे अल्बम रचले. आरंभीच्या वर्षांत त्याने रस्त्यावरच्या फेरीवाल्यांची मालिकाही केली होती. हे तपशील एवढ्यासाठी नोंदवायचे, की आत्जे म्हणजे निर्मनुष्य जुन्या पॅरिसचा शोककर्ता ही त्याची रूढ प्रतिमा त्याच्या कामाच्या एका भागालाच लागू पडते. वॉल्टर बेन्यामिनने १९३१ मधील आपल्या निबंधात आत्जेच्या ओस रस्त्यांची गुन्ह्याच्या जागेशी केली जाणारी तुलना उचलून धरली आणि ती इतकी मर्मग्राही ठरली, की पुढच्या अभ्यासकांना त्या रस्त्यांवरची माणसे दिसेनाशी झाली. थोर भाष्यकाराचे एक वाक्य संहितेला कसे झाकून टाकते, याचा हा नमुना मराठीच्या अभ्यासकाला अनोळखी वाटू नये.

३

स्मरणरंजनवाद्यांचे म्हणणे प्रथम तपासू. त्यांच्या मते परतण्यामागे जपण्याची प्रेरणा असते. आत्जेच्या चरित्रात हे मत पडताळून पाहण्याची एक विलक्षण संधी आहे. १९२० मध्ये त्याने फ्रेंच शासनाच्या ललितकला विभागाच्या प्रमुखाला पत्र लिहून कळवले की सारे जुने पॅरिस आता आपल्यापाशी आहे. त्यानंतर त्याने २,६२१ निगेटिव्ह शासनाला १०,००० फ्रँकना विकल्या. म्हणजे जपण्याचे काम त्याच्या स्वतःच्या शब्दाने पूर्ण झाले होते; ते सुरक्षित हाती पडले होते; त्याचा मोबदला मिळाला होता; आणि तो त्रेसष्ट वर्षांचा होता. स्मरणरंजनाचा सिद्धान्त खरा असता, तर इथे कॅमेरा भिंतीला टेकायला हवा होता.

घडले ते उलटेच. पुढच्या सात वर्षांत आत्जे त्याच जागांकडे परतत राहिला. सेन नदीचा काठ, सँ-क्लूच्या उद्यानातील तळे आणि झाडे, नोत्रदाम, सगळे पुन्हा. पूर्वी ज्या वास्तूंचे कोरीव तपशील त्याने जवळून टिपले होते, त्या आता दूर गेल्या. नोत्रदामचे प्रचंड धूड आता नदीपलीकडे, निष्पर्ण फांद्यांच्या जाळीआड उभे दिसते. ज्याला वास्तूचा दस्तऐवज हवा त्याच्या दृष्टीने हे चित्र सदोषच; फांद्या आडव्या आल्या आहेत. शिवाय याच वर्षांत त्याने गोब्लँ मार्गावरील दुकानांच्या दर्शनी काचा चित्रित केल्या. आत तयार कपडे घातलेले, किंमतीच्या चिठ्ठ्या लावलेले, हसणारे पुतळे; आणि त्याच काचेवर समोरच्या इमारतींचे व झाडांचे प्रतिबिंब. हा माल जुना नव्हता, नाहीसा होण्याच्या मार्गावर नव्हता, त्याचा शोक करावा असे त्यात काही नव्हते. तो त्या हंगामातला बाजार होता. स्मरणरंजनाच्या चौकटीत ही चित्रे बसवायची तर ती न पाहताच बसवावी लागतात.

या ठिकाणी एखादा मराठी रसिक वारीची उपमा पुढे करील. तो म्हणेल, दरवर्षी तीच वाट, तेच दैवत, तरी ओढ संपत नाही. छायाचित्रकाराचे परतणेही तसेच. उपमा गोड आहे, म्हणूनच ती नाकारली पाहिजे. वारकऱ्याला दैवत विटेवरच उभे असल्याची खात्री असते. त्या खात्रीवरच वारी चालते. छायाचित्रकाराला अशी कोणतीही खात्री नसते. गेल्या खेपेला टिपलेले दार जागेवर असेल, पण ते तेच दार असेल का, आणि गेल्या खेपेला आपण ते पाहिले होते का, ही शंका त्याला रस्त्यावर आणते. श्रद्धेच्या भाषेत या शंकेचे भाषांतर केले की तिचे मोलच हरवते.

४

दुसरा प्रतिपक्ष अधिक सुसज्ज आहे. १९८० नंतरच्या काळात, संरचनावादोत्तर विचाराच्या प्रभावाखाली, छायाचित्रकाराला ‘कर्ता’ मानण्यावरच प्रश्नचिन्ह लावले गेले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९८१ ते १९८५ या काळात जॉन झारकोव्स्की आणि मारिया मॉरिस हॅम्बर्ग यांच्या संपादनाखाली आत्जेचे कार्य चार खंडांत सादर केले आणि त्याला एका महान कलावंताच्या सलग विकासाचे रूप दिले. या उपक्रमावर रोझलिंड क्राउस यांनी १९८२ मध्ये मूलगामी आक्षेप घेतला. आत्जेने आपल्या चित्रांना दिलेले क्रमांक कलात्मक आशयाचे सूचक नसून ग्रंथालयांच्या व स्थलसंग्रहांच्या सूचीपद्धतीतून आले आहेत. तेव्हा या हजारो चित्रांमागचा खरा सूत्रधार व्यक्ती नसून सूची आहे, असे त्यांच्या युक्तिवादाचे सार. या दृष्टीने परतण्याची ओढ हा मानसशास्त्राचा विषयच राहत नाही. सूचीतला रकाना रिकामा होता म्हणून छायाचित्रकार तिथे गेला. संस्थेने पुन्हा मागितले म्हणून तो पुन्हा गेला.

या युक्तिवादाचे बळ मान्य केलेच पाहिजे. संग्रहालयाच्या पांढऱ्या भिंतीवर टांगले की कोणताही दस्तऐवज कलाकृती होऊन बसतो, आणि या रूपांतरात बाजाराचा व संस्थांचा हितसंबंध असतो, हे क्राउस यांनी स्पष्ट केले ते उत्तमच झाले. आत्जेला स्वतःला कलावंत म्हणवून घेण्याची हौस नव्हती. १९२६ मध्ये अतिवास्तववाद्यांच्या मुखपत्राने मुखपृष्ठावर त्याचे चित्र छापले, तेव्हा आपले नाव घालू नये असे त्याने मॅन रेला सांगितले होते.

तथापि सूची म्हणजे कर्ता हे समीकरण एका क्षुल्लक वाटणाऱ्या तपशिलापाशी अडते. १९२५ च्या वसंतात, अडुसष्टाव्या वर्षी, आत्जे शहराच्या दक्षिण वेशीबाहेरील सो येथील उद्यानात वारंवार गेला. हे जुने राजेशाही थाटाचे उद्यान तेव्हा दुर्लक्षित, रान माजलेले होते. मार्च ते जून या महिन्यांत त्याने तिथे साठाहून अधिक चित्रे घेतली, आणि त्यांपैकी काहींवर महिना व सकाळची वेळ नोंदवली: सात वाजता, आठ वाजता. स्थलसंग्रहाच्या सूचीला स्थळ हवे असते. फार तर वर्ष. सकाळच्या सात आणि आठ या दोन प्रहरांतील भेद साठवण्याचा रकाना कोणत्याही संग्रहालयाच्या कपाटात नसतो. ती नोंद सूचीसाठी नव्हे. सात वाजताचे तळे आठ वाजता उरत नाही, हे ज्याच्या ध्यानात आले आहे त्याची ती नोंद आहे. सूचीने त्याला पॅरिसमध्ये आणले असेल. सूचीने त्याला तिथे तीस वर्षे ठेवले नाही.

येथे झारकोव्स्की आणि क्राउस यांच्यातील एक छुपे साम्यही दृष्टीस पडते. एक म्हणतो, चित्रांमागे कलावंताचे आत्म आहे. दुसरी म्हणते, संस्थेची व्यवस्था आहे. दोघांनाही चित्रांच्या पाठीशी काहीतरी एक, अखंड तत्त्व हवे आहे. पहिल्या चित्राने दुसऱ्याकडे बोट दाखवावे, दुसऱ्याने पहिल्याचे म्हणणे खोडावे, आणि या खोडण्यातच अर्थ घडावा, ही शक्यता दोघांच्याही मांडणीत मागे पडते.

५

या शक्यतेचा विचार करण्यासाठी पाश्चात्त्य परिभाषेच्या दारात ताटकळण्याची गरज नाही. संस्कृत काव्यशास्त्राने पुनरुक्तीला दोष मानले, हे सर्वज्ञात आहे. मात्र त्याच शास्त्राने लाटानुप्रास नावाचा एक अलंकारही मानला, आणि त्याचे लक्षण फार सूक्ष्म आहे. मम्मटाच्या विवेचनात लाटानुप्रासातील आवृत्ती केवळ वर्णांची नसते, शब्दाचीच असते. यमकात शब्दरूप तेच राहून अर्थ पालटतो. लाटानुप्रासात शब्दही तोच, अर्थही तोच. पालटते ते केवळ तात्पर्य. वाक्यात त्या शब्दाचा अन्वय दुसऱ्या जागी लागला, की तोच शब्द त्याच अर्थाने उच्चारला जाऊनही दुसरे काही सांगू लागतो. म्हणजे दोष आणि अलंकार यांच्यातील सीमारेषा आवृत्तीत नसते, अन्वयात असते.

परतणाऱ्या कॅमेऱ्याचे शास्त्र याहून नेमके सांगता येणार नाही. सँ-क्लूचे तळे तेच, झाड तेच. ‘हे तळे आहे, हे झाड आहे’ हा अर्थही तोच. अन्वय मात्र बदललेला असतो: दुसऱ्या ऋतूशी, दुसऱ्या प्रकाशाशी आणि, हे सर्वांत महत्त्वाचे, आधी घेतलेल्या चित्राशी. दुसरे चित्र पहिल्याला पुन्हा वाचायला लावते. पहिल्या वेळी जे दृश्याचे स्वाभाविक रूप वाटले होते, ती एक निवड होती, हे दुसऱ्या चित्रामुळे उघड होते. छायाचित्रकार परततो याचा अर्थ, त्याने आपलेच आधीचे विधान अपुरे ठरवले आहे. ही कृती स्मरणाच्या जवळची नाही, समीक्षेच्या जवळची आहे.

मराठी सौंदर्यविचाराला हे मान्य करणे जड का जाते, याचेही कारण आहे. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या अंतर्गत संघटनेचा जो विचार केला, त्याने मराठी समीक्षेला शिस्त दिली. पण ती शिस्त एकेका, स्वयंपूर्ण, चौकटबंद कलाकृतीची होती. लय शोधायची ती चौकटीच्या आत. चौकटीबाहेर, एका कृतीत आणि तिच्यानंतर वीस वर्षांनी आलेल्या दुसऱ्या कृतीत संवाद-विरोध असू शकतो, त्या दोहोंमधील अंतर हाच रचनेचा घटक असू शकतो, हा विचार या परंपरेत वाढीस लागला नाही. त्यामुळे एकटे छायाचित्र मर्ढेकरी कसोटीला कधी उतरते, कधी नाही. छायाचित्रांची परतमालिका मात्र कसोटीपर्यंत पोचतच नाही. हा दोष कसोटीचा आहे.

६

अर्थात प्रत्येक परतणे सारख्याच मोलाचे नसते, आणि इथे भोळेपणा उपयोगाचा नाही. बेरेनिस ॲबट या अमेरिकन छायाचित्रकर्तीने आत्जेच्या मृत्यूनंतर, १९२८ मध्ये, त्याचा मागे राहिलेला संग्रह मिळवला आणि पुढची चाळीस वर्षे, १९६८ मध्ये तो न्यूयॉर्कच्या संग्रहालयाकडे जाईपर्यंत, सांभाळला. १९२९ च्या आरंभी ती पॅरिसहून काही दिवसांसाठी न्यूयॉर्कला आली, शहराचे पालटलेले रूप पाहून थबकली, आणि पॅरिसमधले बस्तान गुंडाळून परतली. मंदीच्या काळात शासकीय कला प्रकल्पाच्या आश्रयाने १९३५ पासून तिने ‘चेंजिंग न्यूयॉर्क’ हे काम उभे केले. तिची चित्रे आत्जेची नक्कल नाहीत. उंच इमारतींच्या तोंडाशी चेपलेली जुनी घरे, पुलाच्या लोखंडी जाळीतून दिसणारे आकाश, यांत दोन काळ एकाच चौकटीत भांडताना दिसतात. १९३९ मध्ये पुस्तक निघाले ते मात्र एलिझाबेथ मॅककॉसलंड हिने लिहिलेला मूळ मजकूर कापून, जागतिक प्रदर्शनासाठी येणाऱ्या पाहुण्यांच्या सोयीचे करून. परतण्याचा विचार पर्यटनाच्या मार्गदर्शिकेत कसा बसवला जातो, हे त्या कात्रीने दाखवून दिले.

त्यानंतर डग्लस लेव्हेअर याने ॲबटच्या जागा शोधून, त्याच कोनातून, त्याच प्रकाशात ती चित्रे पुन्हा घेतली. २००५ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. या परिश्रमाचे नगररचनेच्या इतिहासाच्या दृष्टीने मोल आहेच. तरी ‘तेव्हा’ आणि ‘आता’ अशी जोडी शेजारी लावली, की पाहणाऱ्याचे काम फरक मोजण्यापुरते उरते. इथे पहिल्या चित्रावर शंका घेतलेली नाही. ते प्रमाण मानले आहे. कोन तोच ठेवण्याची सक्ती म्हणजे अन्वय न बदलण्याची सक्ती. लाटानुप्रास इथे पुन्हा पुनरुक्तीकडे झुकतो.

याच्या उलट टोकाला रघुबीर सिंग यांचे उदाहरण ठेवता येते. सत्तरीच्या दशकापासून बहुतांश परदेशी राहिलेला हा छायाचित्रकार भारतीय शहरांकडे सतत येत राहिला. कलकत्त्यावर त्यांनी १९७५ मध्ये पुस्तक केले आणि १९८८ मध्ये पुन्हा दुसरे केले. मुंबईवरचे पुस्तक १९९४ चे. झवेरी बाजारातील दागिन्यांच्या दुकानाचे त्यांचे १९८९ मधले चित्र पाहावे. आतले दुकान आणि बाहेरचा रस्ता काचेच्या एका पडद्याने जोडले आणि तोडले आहेत. गिऱ्हाईक आणि वाटसरू एकाच प्रतलावर येतात, तरी एकमेकांचे होत नाहीत. मुंबई म्हणजे झोपडपट्टी आणि महाल यांचा विरोध, या झिजलेल्या सूत्राला हे चित्र थारा देत नाही. परका असण्याचा आरोप अशा कलावंतावर होऊ शकतो, आणि काही चित्रांपुरता तो खराही असेल. पण शहराचा रहिवासी शहर पाहतो आणि पाहुणा फक्त रंग पाहतो, ही वाटणीही तितकीच आळशी आहे. रोज तीच लोकल पकडणारा माणूस शहर पाहत असतोच असे नाही. सवय हीसुद्धा एक प्रकारची गैरहजेरी असते.

मुंबईच्या गिरण्यांविषयी हेच अधिक कठोरपणे म्हणावे लागते. १९८२ च्या संपानंतर ओस पडलेल्या गिरण्यांच्या धुराड्यांची चित्रे आज गुळगुळीत कागदावर सुंदर दिसतात. ज्यांनी एकदाच जाऊन ती घेतली, त्यांच्यापाशी भग्नतेचे सौंदर्य आले; कामगार आला नाही. त्या फाटकापाशी पुनःपुन्हा गेलेल्याला आपल्या पहिल्या चित्रातील धुराडे खटकल्याशिवाय राहणार नाही.

७

आता मूळ शेऱ्याकडे वळता येईल. ‘केवळ छायाचित्रण’ असे म्हणून मराठी समीक्षक ज्या लेखनाला बाजूला सारतो, त्याच लेखनावर त्याचा दुसरा आरोप ‘तेच ते’ असा असतो. भाऊ पाध्ये पुन्हा मुंबईच्याच वस्त्यांत का जातात, नामदेव ढसाळांच्या कवितेत ‘गोलपिठा’नंतरही तोच रस्ता का येतो, असे विचारले जाते, आणि विचारण्याच्या स्वरातच उत्तर असते: अनुभवाचे क्षेत्र मर्यादित. ग्रामीण आणि दलित लेखकांच्या बाबतीत तर हा निर्णय पुस्तक उघडण्यापूर्वीच झालेला असतो. मध्यमवर्गीय दिवाणखान्यात पिढ्यानुपिढ्या परतणाऱ्या लेखकाला मात्र आशयसूत्राची एकाग्रता लाभलेली असते. एकाची आवृत्ती दोष, दुसऱ्याची अलंकार. आणि या निवाड्यात अन्वय पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

या दुटप्पीपणावर उपाय म्हणून छायाचित्रणाला ‘कला’ ही पदवी बहाल करण्याची गरज नाही. आत्जेने ती मागितली नव्हती. गरज आहे ती एवढीच की समीक्षकाने परतण्याच्या दोन टोकांमधील अंतर वाचावे. दुसऱ्या कादंबरीतला नाका पहिल्या कादंबरीतल्या नाक्याचे काय खोडतो, हा प्रश्न विचारल्यावाचून ‘तेच ते’ म्हणण्याचा अधिकार कोणालाच पोचत नाही. दोन्ही नाके वाचून, अन्वय तपासून, तात्पर्य खरोखर पालटलेले नाही असे दाखवता आले, तर पुनरुक्तीचा दोष जरूर द्यावा. तेव्हा तो निर्णय असेल, शिक्का नसेल.

आणि असा वाचक-समीक्षक ज्या दिवशी एखाद्या जुन्या पुस्तकाकडे पुन्हा वळेल, तेव्हा त्याला आपल्याच पहिल्या वाचनावर सकाळचे किती वाजले होते याची नोंद करावीशी वाटेल. ती नोंद ठेवण्याची सवय मराठी समीक्षेला अजून लागायची आहे.